पान उलटं करून पाहिलंत?

समजा, तुमचं घर बुऱ्हाणपुरात राजपुऱ्यात आहे. डिसेंबरची सकाळ आहे, दारात भाजीची हातगाडी येऊन गेली आहे आणि आईनं पालकाच्या दोन जुड्या घेतल्या आहेत. जुडीचा दोरा सुटला की तुम्हीही तिच्याशेजारी निवडायला बसा. आई चकित होईल, होऊ दे. आपल्याला चांगली पानं नकोच आहेत. भोकं पडलेली, डाग पडलेली, पांढरी रेघ ओढलेली, कडेनं मुडपलेली अशी जी पानं ती पटकन बाजूला टाकते, ती सगळी एका ताटलीत गोळा करा. चांगलं पान दिसायला छान असतं, पण त्याच्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नसतं. खराब पानावर कोण येऊन गेलं, काय खाऊन गेलं, कधी गेलं, याची नोंद असते. ती वाचता आली की पालकाची जुडी पुरी व्हायला तास लागतो, असा माझा अनुभव आहे. स्वयंपाकाला उशीर झाला तर माझं नाव सांगू नका.

हाताशी एक भिंग ठेवा. भिंग नसेल तर मोठ्या माणसाचा मोबाईल मागून घ्या, पानाचा जवळून फोटो काढा आणि तो मोठा करून बघा. बाकी काही लागत नाही.

आधी या पालकाची ओळख करून घेऊ. बुऱ्हाणपुरात काय, पलीकडे रावेर-जळगावात काय, बाजारात जुडीनं मिळणारा लांबट, गुळगुळीत पानांचा पालक हा बीटाचा सख्खा भाऊ आहे. दोघांचं शास्त्रीय नाव एकच, बीटा वल्गॅरिस. ज्याच्यापासून युरोपात साखर काढतात ते शुगरबीटही याच घरातलं. कार्टूनमधला पोपॉय डबा फोडून जो पालक खातो तो वेगळा. त्याचं नाव स्पिनॅशिया ओलेरॅशिया, आपल्याकडे त्याला विलायती पालक म्हणतात आणि त्याची पानं बरीचशी चुरगळल्यासारखी असतात. हे दोघे, शिवाय चाकवत, राजगिरा आणि माठ, सगळे एकाच कुळातले. हे सगळं आत्ताच का सांगतोय? कारण रोग आणि किडी नात्यागोत्यानं चालतात. शुगरबीटच्या शेतात धुमाकूळ घालणारी बुरशी आपल्या पालकावरही त्याच हक्कानं येऊन बसते. तिची गाठ पुढे पडेलच.

आता ताटलीतलं पहिलं पान उचला आणि उलटं करा.

बहुतेक लोक इथेच चुकतात. पान बघायचं म्हणजे ते वरून बघतात. पण पालकावर राहणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मंडळींचा पत्ता खालच्या बाजूचा आहे, आणि त्याला कारणं आहेत. वरच्या बाजूला ऊन लागतं, पावसाचा मार बसतो आणि पक्ष्यांना सगळं दिसतं. खाली सावली आणि ओलावा असतो. पान श्वास घेतं ती इवली छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, खालच्या बाजूला जास्त असतात. या रंध्रांमधून पाण्याची वाफ सतत बाहेर पडते, म्हणून पानाला चिकटून दमट हवेचा एक पातळ थर राहतो. मऊ अंगाच्या किड्याला आणि अंकुर फुटू पाहणाऱ्या बुरशीला आणखी काय हवं?

पण ज्याची गोष्ट मला सगळ्यात आवडते, तो वरही राहत नाही आणि खालीही नाही. तो राहतो पानाच्या आत.

ताटलीत एखाद्या पानावर पांढुरकी, नागमोडी रेघ दिसतेय? कुणीतरी खडूनं गिरगिटवल्यासारखी? ती नागअळी. आता ते पान उजेडासमोर धरा. रेघेचं एक टोक दोऱ्याएवढं बारीक असेल आणि दुसरं रुंद. बारीक टोकाला अंडं होतं. अळी तिथे जन्मली आणि खात खात पुढे निघाली. जसजशी ती वाढली तसतशी रेघ रुंद होत गेली. रुंद टोकाशी बारकाईनं बघा. नशीब असेल तर तिथे एक पिवळसर, बिनपायाची, दोन-तीन मिलिमीटर लांबीची अळी तोंड हलवताना दिसेल. ती पानाच्या वरच्या आणि खालच्या सालीला हात लावत नाही, मधला हिरवा गर तेवढा खाते. वरचं छत शाबूत, खालची जमीन शाबूत आणि मधून बोगदा.

बुऱ्हाणपूरच्या मुलांना बोगदा समजावून सांगावा लागत नाही. तुमच्या गावात १६१५ सालचा कुंडी भंडारा आहे. अब्दुल रहीम खानखानांच्या काळात सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे आणलं, आणि आत उजेड-वारा यावा म्हणून ठिकठिकाणी विहिरींसारख्या कुंड्या खोदल्या. शंभरावर आहेत त्या. लिफ्टनं खाली उतरून तुम्ही तो बोगदा पाहिला असेल. नागअळीचा बोगदाही तसाच दोन थरांच्या मध्ये खणलेला, फक्त त्याला कुंड्या नाहीत आणि उंची अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. आत दिसणारे काळे ठिपके म्हणजे अळीची विष्ठा. बिचारी टाकणार तरी कुठे?

या अळीची आई म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटरची काळी-पिवळी माशी. तिच्या पोटाच्या टोकाला अंडी घालायची टोकदार सुई असते. तिनं ती पानाला भोकं पाडते. थोड्या भोकांत अंडी घालते आणि उरलेल्या भोकांतून येणारा रस स्वतः पिते. म्हणून नागमोडी रेघेच्या आसपास टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसतात. ते मोजत बसा हवं तर. गंमत नरांची आहे. त्यांना सुई नसते, त्यांना भोक पाडता येत नाही. मग ते माद्यांनी पाडलेल्या भोकांवर जाऊन उरलंसुरलं चाटतात.

ही माशी मूळची आपली नाही. लिरिओमायझा ट्रायफोली असं भारदस्त नाव असलेली ही अमेरिकेतली बाई शेवंतीच्या रोपांबरोबर देशोदेशी फिरली. भारतात ती १९९० च्या सुमारास पोचली आणि पहिल्यांदा हैदराबादला एरंडाच्या पानांवर सापडली. आज ती टोमॅटो, वाल, काकडी, कापूस, पालक, काय म्हणाल त्यावर आहे. पालकावर नागमोडी रेघ दिसली की तिचंच नाव घेण्याआधी थोडं थांबा, कारण तिचे भाऊबंदही असेच बोगदे काढतात. नुसत्या रेघेवरून शास्त्रज्ञसुद्धा पैज लावत नाहीत, माशी बाहेर येईपर्यंत वाट बघतात.

तुम्हालाही वाट बघता येईल. रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या, तळाशी कागदी रुमालाची घडी ठेवा, त्यावर आत अळी असलेलं पान ठेवा आणि तोंडाला पातळ सुती कापड बांधा. बरणी सावलीत राहू द्या. एक-दोन दिवसांत, बहुधा पहाटे, अळी पानाला चिरीएवढी फट पाडून बाहेर येईल आणि कागदावर पडेल. शेतात ती मातीत शिरली असती. मग तिचा तपकिरी-पिवळा, तांदळाच्या कणीहून लहान कोष होईल. गरमीत साधारण आठ-दहा दिवस, थंडीत त्याहून जास्त, आणि मग कोषातून माशी बाहेर येईल.

किंवा माशी येणारच नाही! कधीकधी त्याऐवजी कोषातून किंवा पानातल्या बोगद्यातूनच चमकत्या हिरव्या-निळ्या अंगाची, चार पंखांची, दीड मिलिमीटरची चिमुकली गांधीलमाशी बाहेर पडते. हिच्या डिग्लिफस नावाच्या एका गटाची तऱ्हा ऐका. ती पानावर फिरून आत अळी कुठे आहे ते हुडकते, सालीतूनच डंख मारून अळीला लुळी करते आणि तिच्या शेजारी आपलं अंडं घालते. अंड्यातून निघालेलं पिल्लू त्या नागअळीला खाऊन टाकतं. कोषात जायच्या आधी ते आपल्याच विष्ठेचे काळे खांब बोगद्यात उभे करतं, म्हणजे पान सुकत गेलं तरी छत अंगावर येत नाही. हे खांब भिंगातून दिसतात. रिकाम्या बोगद्यात अशा काळ्या खांबांची रांग दिसली, की इथे कुणीतरी बांधकाम करून गेलंय असं समजा.

शेतकऱ्यांसाठी यात एक मोठी गोम आहे. नागअळी पानाच्या आत सुरक्षित असते, पण गांधीलमाशी बाहेर उघड्यावर हिंडते. उतावीळपणानं जहाल औषध फवारलं तर मरते ती गांधीलमाशी. नागअळी आत बसून जेवत राहते आणि पुढच्या वेळी दुपटीनं येते.

बरं, पुढचं पान. याची कड खाली मुडपली आहे आणि बोट लावलं तर चिकट लागतंय? उलटं करा. शिरेच्या कडेनं हिरवे, मऊ, खसखशीपेक्षा थोडे मोठे दाणे दाटीवाटीनं बसलेत. हा मावा. बुऱ्हाणपुरात मावा म्हटलं की आधी जिलेबी आठवते, हे मला ठाऊक आहे. हा त्यातला नव्हे, पण गोडाशी याचंही चांगलंच सूत आहे. मावा आपली बारीक सोंड पानाच्या रसवाहिनीत खुपसतो. त्या रसात साखर भरपूर आणि अंग वाढायला लागणारी प्रथिनद्रव्यं नावाला. म्हणून त्याला रस ढसाढसा प्यावा लागतो आणि नको असलेली साखर मागच्या बाजूनं बाहेर टाकावी लागते. तोच तो चिकटा. मुंग्यांना तो फार आवडतो, इतका की त्या माव्याची राखण करतात आणि माव्याला खायला आलेल्या किड्यांना हुसकावून लावतात. पालकाच्या कुंडीत मुंग्यांची ये-जा वाढली तर मुंग्या मारू नका, पानं उलटी करा. याच चिकट्यावर पुढे काळी बुरशी वाढते. ती कपड्यानं पुसली जाते, पान खात नाही, पण ऊन अडवते.

मावा एवढ्या पटकन वाढतो कसा, हा प्रश्न तीनशे वर्षांपूर्वी लोकांना सतावत होता. जिनेव्हातल्या शार्ल बॉने नावाच्या वीस वर्षांच्या मुलानं त्याचा छडा लावला. २० मे १७४० रोजी त्यानं नुकतंच जन्मलेलं माव्याचं एक पिल्लू एका डहाळीवर एकटं ठेवलं, वर काचेचं भांडं पालथं घातलं आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत भिंग घेऊन तो त्याच्यासमोर बसून राहिला. दुसरा कुठलाही मावा त्याच्याजवळ जाणार नाही अशी चोख व्यवस्था होती. तरीही जूनमध्ये त्या एकट्या मादीला पिल्लं व्हायला लागली. २४ जूनपर्यंत त्यानं ९५ पिल्लं मोजली. नराशिवाय पिल्लं होऊ शकतात हे त्यावेळी कुणी मानायलाच तयार नव्हतं. शिवाय ही अंडी नव्हेत, थेट हातपाय हलवणारी पिल्लं. आज आपल्याला माहीत आहे की माव्याच्या पिल्लाच्या पोटात, ते जन्मायच्या आधीच, पुढच्या पिल्लाची तयारी सुरू झालेली असते. आजी, आई आणि मुलगी एकाच अंगात! गर्दी फार झाली की पंखवाली पिल्लं जन्मतात आणि दुसरीकडे उडून जातात.

माव्याच्या वस्तीत भिंगातून फिरायला वेळ काढा, कारण तिथे आणखी बरंच काही असतं. पांढरी, पोकळ टरफलं दिसतील. ती वेगळी कीड नाही, माव्यानं वाढताना टाकलेली कात आहे. मधेच एखादा मावा फुगून टम्म, खाकी रंगाचा आणि अजिबात न हलणारा दिसेल. त्याच्या आत दुसऱ्याच एका गांधीलमाशीचं पिल्लू वाढतंय. पाठीवर गोल भोक असेल तर ते बाहेर पडून गेलंय. आणि एक काळपट, लांबुडका, सहा पायांचा, पाठीवर नारिंगी ठिपके असलेला प्राणी भराभरा चालताना दिसला, तर घाबरून त्याला चिरडू नका. ते ढालकिड्याचं, म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेल्या लेडीबर्डचं पिल्लू आहे. मोठ्या झालेल्या ढालकिड्याचे सगळे लाड करतात आणि त्याच्या पिल्लाला मात्र कीड समजून मारतात. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय! हे पिल्लू मोठं होईस्तोवर शेकड्यांनी मावा फस्त करतं. पानाखाली पिवळी, टोकदार, उभी रचलेली अंडी दिसली तर ती बहुधा त्याचीच. राहू द्या.

भोकांच्या पानांवर फार वेळ घालवायला नको. भोक म्हणजे कुणीतरी चावून खाल्लंय, एवढं नक्की. छर्रे मारल्यासारखी बारीक गोल भोकं पिसवेसारख्या उड्या मारणाऱ्या छोट्या भुंगेऱ्यांची. वेडीवाकडी मोठी भोकं आणि आसपास चकाकणारा वाळलेला पट्टा असेल तर रात्री गोगलगाय येऊन गेली. पानाची नुसती जाळी उरली आहे आणि एकाच पानावर चिमुकल्या अळ्यांची जत्रा भरली आहे? मग ती स्पोडोप्टेरा, म्हणजे तंबाखूची पानं खाणारी अळी. तिची आई अंड्यांच्या पुंजक्यावर स्वतःच्या अंगावरचे केस पसरून ठेवते. लहानपणी या अळ्या सगळ्या मिळून खातात, मोठ्या झाल्या की पांगतात आणि दिवसा मातीत लपून रात्री जेवायला बाहेर पडतात. तेव्हा दिवसा भोकं दिसतात पण खाणारा दिसत नाही. बॅटरी घेऊन रात्री जा. पान दुमडून आत रेशमी धाग्यांनी शिवलेलं असेल तर ते उलगडून बघा. हिरवी, अंगकाठीनं सडपातळ अळी आत तडफडते. ही पान गुंडाळणारी अळी. राजगिरा आणि माठावरही तीच असते.

आता भोक नाही, पण डाग आहेत अशी पानं घ्या.

गोल, दोन-तीन मिलिमीटरचे, मधे राखाडी आणि कडेनं लालसर-तपकिरी गोट असलेले डाग. पालकावरचा हा सगळ्यात ओळखीचा रोग. तो करणाऱ्या बुरशीचं नाव सर्कोस्पोरा बेटिकोला. आडनावातच बीट आहे, कारण शुगरबीटच्या शेतकऱ्यांची जगभरची डोकेदुखी तीच. घरच्या शेतात भुईमूग पिकत असेल तर टिक्का रोग माहीत असेल, तो करणाऱ्या बुरश्याही हिच्या नात्यातल्या. वारा आणि पावसाचे उडते थेंब तिचे बीजाणू एका पानावरून दुसऱ्यावर नेतात. पान बराच वेळ ओलं राहिलं आणि हवा उबदार असली की बीजाणूला कोंब फुटतो, तो सरपटत जाऊन पर्णरंध्र गाठतो आणि तिथून आत शिरतो. म्हणून संध्याकाळी पालकाच्या पानांवर झारीनं पाणी घालू नये. सकाळी, मुळाशी घालावं.

आत शिरल्यावर ही बुरशी जे करते त्याला तोड नाही. ती सर्कोस्पोरिन नावाचं लाल रंगाचं विष तयार करते. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये सोयाबीनवर येणाऱ्या तिच्या बहिणीपासून ते पहिल्यांदा वेगळं काढलं. अंधारात हे विष गप्प असतं. ऊन पडलं की ते प्रकाशाची ताकद घेऊन हवेतल्या ऑक्सिजनला इतकं खवळवतं, की तो पेशींच्या पडद्यांना भोकं पाडतो. पेशींमधला रस बाहेर गळतो आणि बुरशी तो पिते. पान उन्हात स्वतःसाठी अन्न बनवतं आणि त्याच उन्हात बुरशी त्याला मारते! आता तो लालसर गोट बघा. तो पानानं दिलेला जबाब आहे. बीटाला लाल करणारा जो रंग आहे, बीटालेन, तोच इथे डागाभोवती गोळा होतो. हिरवा पालक बीटाचा भाऊ आहे यावर मघाशी विश्वास बसला नसेल तर हा पुरावा घ्या.

डागाच्या राखाडी मध्यभागी भिंगातून काळे टिंब दिसतात का ते पाहा. दिसत नसतील तर वनस्पतिरोगशास्त्राचे विद्यार्थी करतात ते करा. प्लास्टिकच्या डबीत ओला कागद ठेवा, त्यावर डागाचं पान ठेवा आणि झाकण लावा. एक-दोन दिवसांत डागावर करडी लव उगवलेली दिसेल. ती बीजाणूंची फौज. डबी उघडून नाकाशी नेऊ नका, बघून झालं की झाकण न काढता पिशवीत बांधून टाकून द्या आणि हात धुवा.

उरले दोन रोग, जे एकमेकांशी फार घोळतात. पानाच्या वर पिठासारखी पांढरी पूड आणि बोटानं पुसली जाते, ती भुरी. वरून नुसते पिवळट चट्टे आणि पान उलटं केलं तर त्याच जागी खाली करडी-जांभळट लव, तो केवडा. केवड्याला थंडी आणि दव लागतं, म्हणून तो विलायती पालकाला थंड मुलखात जास्त छळतो. त्याला सगळे बुरशी म्हणतात, शेतीची पुस्तकंसुद्धा, पण जन्मानं तो बुरशी नाहीच. समुद्रातल्या तपकिरी शेवाळाचा तो दूरचा नातेवाईक आहे.

इथवर आलात म्हणजे आता तुम्हाला प्रत्येक पानावर रोगच दिसायला लागेल. सगळ्यांचं होतं तसं. म्हणून दोन खोट्या घंटा सांगून ठेवतो. विलायती पालकाच्या किंवा चाकवताच्या कोवळ्या पानाखाली काचेच्या मण्यांसारखे चमकणारे बारीक दाणे असतात. लोक ती किड्यांची अंडी समजून अख्खी जुडी फेकतात. ते पानाचे स्वतःचे फुगीर केस आहेत, चाकवतावर पीठ सांडल्यासारखं दिसतं तेही हेच. अंडी असतील तर ती पुंजक्यात किंवा रांगेत असतात, हे केस सगळीकडे सारखे विखुरलेले. दुसरी घंटा पिवळेपणाची. खालची, जुनी पानं सबंध पिवळी पडत असतील तर रोपाला नत्र कमी पडतंय. ते जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना देतंय. उलट वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या असतील तर लोह मिळत नाहीये. इथे भिंगातून कुणीही सापडणार नाही, कारण कुणी नाहीच. रोप भुकेलं आहे.

आणि एक असा आहे, जो आहे पण भिंगातून कधीच सापडणार नाही.

पानावर फिकट आणि गडद हिरव्याची चित्रविचित्र नक्षी, पान वेडंवाकडं, रोप खुजं, अशी लक्षणं दिसली तर विषाणूचा संशय घ्यायचा. त्यातला एक तुमच्या भागात फार बदनाम आहे. बुऱ्हाणपूर म्हणजे केळीचा जिल्हा, पलीकडे रावेर-यावलही केळीचेच. गेल्या काही वर्षांत तिथल्या शेतकऱ्यांना ‘सीएमव्ही’ या तीन अक्षरांनी रडवलं. कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजे काकडीच्या पानांवर नक्षी काढणारा विषाणू. केळीवर तो आला की पानावर पिवळे पट्टे पडतात आणि पोंगा सडतो. खानदेशात त्याला हरण्या म्हणतात. नव्यानं लावलेल्या बागाच्या बागा लोकांनी उपटून टाकल्या. नाव काकडीचं, पीक केळीचं, मग पालकाचा काय संबंध? हा विषाणू हजाराहून जास्त जातींच्या वनस्पतींवर जगतो आणि विलायती पालक त्यातलं एक जुनं गिऱ्हाईक आहे. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पालकाची शेतंच्या शेतं पिवळी पडून जायची. तो रोग माव्यामुळे एका रोपावरून दुसऱ्यावर जातो, हे मॅक्लिंटॉक आणि स्मिथ या दोघांनी १९१८ मध्ये दाखवून दिलं. तोच हा विषाणू.

याचा एक कण एवढा लहान की एका मिलिमीटरच्या रेषेत तीस हजारांहून जास्त कण मावतील. त्याला पाय नाहीत, पंख नाहीत. त्याचं वाहन म्हणजे आपला मघाचा मावा. आजारी पानात मावा सोंड खुपसून चव बघतो, त्याला काही सेकंद पुरतात, आणि विषाणू सोंडेच्या टोकाला चिकटतो. पुढच्या पानाची चव घेताना तो तिथे उतरतो. भोपळ्याच्या जातीच्या रोपांवर अमेरिकेत केलेला आणि २०१० मध्ये छापलेला एक अभ्यास तर थक्क करणारा आहे. या विषाणूनं आजारी पडलेलं रोप माव्याला ओढून घेणारा वास जास्त सोडतं. मावा येतो, पण आजारी रोपाची चव त्याला आवडत नाही, म्हणून तो घोटभर चाखून लगेच दुसरीकडे उडतो. विषाणूला नेमकं हेच हवं असतं! मावा तिथे आरामात जेवत बसला असता तर विषाणूचा प्रवास झालाच नसता.

म्हणून केळीच्या बागेत मोकळ्या जागेत काकडी, भोपळा, गिलकी लावू नका असं शेतीतज्ज्ञ सांगतात. बांधावरचं तणही काढायला सांगतात, कारण त्यातलं बरंच तण या विषाणूला सांभाळून ठेवतं. गच्चीवर पालकाच्या कुंडीजवळ पिवळा पुठ्ठा एरंडेल तेल लावून टांगलात तर उडता मावा आणि नागअळीची माशी दोन्ही त्यावर चिकटतील, कारण दोघांनाही पिवळ्या रंगाची ओढ आहे. किती चिकटले ते आठवड्याला मोजून वहीत लिहा. नक्षीच्या पानांचं रोप सापडलं तर ते वाचत नाही, उपटावंच लागतं. पण उपटायच्या आधी पानं उलटी करून मावा आहे का बघा. असेल तर पाण्याच्या फवाऱ्यानं तो धुऊन काढा आणि मगच रोप मुळासकट काढून मातीत पुरा. तसंच हिसकून उपटलंत तर हादरा बसून पंखवाला मावा उडतो आणि शेजारच्या कुंडीत जाऊन बसतो.